गप्प मुलाचे दुखणे

‘पोर शहाणं हो डॉक्टर, अजिबात रडत नाय!’ बुरोंडीतल्या एका ओटीवर आजी मला कौतुकाने सांगत होती. सात वर्षांचा नातू भिंतीकडे तोंड करून पडला होता. रक्ताच्या कर्करोगावर मुंबईला उपचार चालू होते आणि मधल्या सुट्टीत तो गावी आला होता. ‘दुखतं का रे?’ मी विचारले. त्याने मानेनेच ‘नाही’ म्हटले आणि मी निर्धास्त होऊन परतलो.

चार दिवसांनी त्याची आई दवाखान्यात आली. ‘रात्रभर पाय धरून कण्हतो. तुम्हाला सांगत नाही, कारण दुखतं म्हटलं की सुई मिळते, असं त्याला वाटतं.’ मी खजील झालो. मागच्या खेपेस सुई मीच टोचली होती.

मूल गप्प आहे म्हणजे त्याला दुखत नाही, हा गैरसमज डॉक्टरांतही आहे. खेळणे सोडणे, कुशीवर वळू न देणे, झोप न लागणे, चिडचीड ही दुखण्याचीच भाषा. तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलाला हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची चित्रे दाखवावीत. आपला चेहरा कोणता, ते तो बोटाने दाखवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांच्या दीर्घकाळच्या वेदनेसाठी उपचाराच्या दोन पायऱ्या सांगितल्या. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. मध्यम व तीव्र वेदनेला मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने, मुलाच्या वजनानुसार आणि घड्याळाच्या काट्यावर द्यावे. दुखू लागण्याची वाट पाहू नये.

मॉर्फिन म्हटले की पालक दचकतात. ‘व्यसन लागेल’, ‘म्हणजे आता शेवटच आला’ अशी भीती असते. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते, आणि ते केवळ अखेरच्या दिवसांचे औषधही नव्हे. बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध देतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले.

पालकांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने देऊ नये. केमोथेरपीत रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात व रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल देण्याआधी थर्मामीटर लावावा. ताप असेल तर गोळीने तो झाकला जातो, आणि अशा मुलाचा ताप म्हणजे तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ.

सुई टाळता येत नसेल तेव्हा ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. मुलाला आईच्या मांडीवर बसवावे, साबणाचे फुगे उडवायला द्यावेत. जागा बधिर करणारे मलम तासभर आधी लावले तर टोचणे फारसे जाणवत नाही.

त्या मुलाचे पाय दुखणे आजार उलटल्याचेही लक्षण असू शकत होते, म्हणून त्याला मुंबईस पाठवणे भाग होते. तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, सुई न टोचता, तोंडाने औषध सुरू केले. निघताना त्याला पुन्हा विचारले, ‘दुखतं का रे?’ तो म्हणाला, ‘थोडं.’ त्याचे पहिले खरे उत्तर ते. ते मिळवायला मला एक सुई कमी टोचायची होती, एवढेच.