घटकाभर पापडाचं पाकीट व्हा

रस्त्यावरचा टेलिफोन अंध माणसाला इजा करू शकतो, हे डोळसांच्या बैठकीत सहसा कुणाच्या ध्यानात येणार नाही. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोत खांबावर मोठ्या कवचासारखे टेलिफोन असत. पांढरी काठी कवचाखालच्या मोकळ्या जागेतून निघून जाई आणि डोकं वर आपटे. अंध नागरिकांनी हे नाटकातून दाखवलं आणि टेलिफोनखाली काठीला लागेल असा चौथरा बांधावा, असा कायदा झाला.

यामागे होते नाट्यदिग्दर्शक आगुस्तो बोआल. १९९३ ते १९९६ या काळात ते रिओच्या नगर परिषदेचे सदस्य होते. त्यांचे गट लोकांची अडचण नाटकात मांडत. प्रेक्षकांतल्या कुणीही उठावं, पात्राची जागा घ्यावी आणि वेगळं वागून पाहावं. त्यातून सुचलेलं मसुद्यात जाई. असे १३ कायदे मंजूर झाले. मला हे फार मोलाचं वाटतं.

अमेरिकेत विल्यम गॉर्डन यांनी त्याच्याही आधी आणखी पुढची गंमत केली होती. १९६१ च्या ‘सिनेक्टिक्स’ या पुस्तकात त्यांनी वस्तूच्याच जागी स्वतःला ठेवायला सांगितलं. यंत्र सुधारायचंय? मग घटकाभर यंत्राचा भाग होऊन बोला.

बचत गटांच्या कार्यशाळांत मी हेच करते. एका गटाचे पापड खपत नव्हते. ‘उपाय सांगा’ म्हटलं की सगळ्या अध्यक्षांच्या तोंडाकडे बघायच्या. मग कधीच न बोलणाऱ्या एका वहिनींना म्हटलं, “तुम्ही दुकानातलं पाकीट व्हा.” त्या पदर सावरून उभ्या राहिल्या. “मी वर तारेला लटकलेय. गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही. माझ्यात पापड किती, तेही बाहेरून कळत नाही. आणि एकट्या म्हातारीला अर्धा किलो घेऊन करायचंय काय?” हसू ओसरायच्या आत दहा पापडांचं पारदर्शक पाकीट ठरलं होतं.

स्वतःच्या नावाने बोलताना बाई मागेपुढे पाहते. गटात सासू असते, जाऊ असते. पाकिटाला कुणाचीच भीड नसते. एकनाथांनी भारुडात जोशी, गारुडी अशी सोंगं उगाच घेतली नाहीत. सोंगाच्या तोंडून निघालेलं लोक मोकळेपणी ऐकतात.

पथ्यं थोडीच आहेत. सोंग पाच मिनिटांत आटपावं, मधे कुणी ‘हे जमायचं नाही’ म्हणू नये आणि सुचलेलं एकीने वहीत टिपत राहावं. खर्चाचा हिशेब मात्र सोंग उतरवल्यावर, शांतपणे. कुणाला उभं राहायचं नसेल तर आग्रह नको. बसल्या जागेवरूनही पाकीट होता येतं. आणि गटात जिचा शब्द चालतो, तिला पहिल्यांदा उठवा. तिला दुकानदार करू नका, उधारी मागणारं गिऱ्हाईक करा. ती मनापासून खेळली की बाकीच्या आपोआप पुढे सरकतात.