धातुशोधक आणि रणभूमीचे पुरातत्त्व
धातुशोधक यंत्राच्या वेटोळ्यातील बदलत्या विद्युतप्रवाहामुळे पुरलेल्या धातूत क्षीण प्रवाह निर्माण होतात व यंत्र ते टिपते. मात्र धातुशोधनाच्या छंदाला शास्त्राचे मोल येते ते सापडलेल्या वस्तूची नेमकी जागा नोंदवल्यानेच. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न येथे, जिथे १८७६ च्या लढाईत अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याची तुकडी मारली गेली, १९८३ च्या वणव्यात गवत जळाल्यावर पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी १९८४ मध्ये स्वयंसेवी धातुशोधकांच्या मदतीने रणभूमी पद्धतशीर पिंजून काढली. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळून दारू पेटवणारी कळ, प्रत्येक बंदुकीगणिक वेगळा ठसा उमटवत असल्याने, एकाच बंदुकीची रिकामी काडतुसे नकाशावर मांडून ती बंदूक रणात कुठून कुठे गेली हे उलगडता आले. जागा न नोंदता उचललेल्या काडतुसांतून यातले काहीच कळले नसते.