आधी कौल सरकतं

बंगळुरूच्या विमानतळाजवळ दोड्डजाला गावी रुळांशेजारी एक दगडी इमारत उभी आहे. भिंती भक्कम राहिल्या, पण छप्पर गेलं. हे जुनं रेल्वे स्टेशन.

येलहंका ते चिक्कबळ्ळापूर ही लाइन म्हैसूर संस्थानात १९१५ साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेइतकंच. अरुंद रुळांवर गाडी आखूड वळण घेते. त्यामुळे डोंगर कमी फोडावे लागतात, भराव कमी लागतो, पूलही हलके चालतात. म्हणूनच थोड्या पैशांत गाडी खेड्यापर्यंत पोचली. दोड्डजाला, देवनहळ्ळी, अवतीहळ्ळी, नंदी हॉल्ट ही याच लाइनीवरची स्टेशनं.

१९९० च्या दशकात इथं ब्रॉडगेज आलं. गाड्या आजही जातात, पण जुन्या इमारतींचं काम संपलं आणि त्यांच्याकडे बघणारं कुणी राहिलं नाही.

अशी इमारत मोडते कशी, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पावसाळ्याआधी घर शाकारलं नाही, तर काय होतं ते त्याला ठाऊक असतं. वाऱ्यानं किंवा माकडांमुळे आधी एक कौल सरकतं. त्या फटीतून पाणी वाशावर पडतं, वासा कुजतो आणि छप्पर खचतं. मग पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत शिरतं, चुन्याचे सांधे सुटतात. त्या सांध्यांत पिंपळ रुजतो आणि दगड सरकवायला लागतो.

दुरुस्तीही याच क्रमानं करावी लागते: आधी छप्पर, मग मुळं, मग सांधे. सांध्यांत चुनाच भरायचा. सिमेंट ओल कोंडून धरतं, चुना ती बाहेर सोडतो. ‘इन्टॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या बंगळुरू शाखेनं रेल्वेच्या साथीनं या चार स्टेशनांच्या जतनाचं काम हाती घेतलं, ही मोलाची गोष्ट आहे.

पण नुसत्या दुरुस्तीनं भागणार नाही. तिथं वाचनालय असो, गावाचं छोटं संग्रहालय असो किंवा चहाचं दुकान, रोज कुणीतरी दार उघडायला हवं. पहिलं कौल सरकलेलं त्यालाच दिसेल, आणि ते त्याच दिवशी जागेवर बसेल.