तेलाची अमानत : पूर्व तिमोरची कसोटी

इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये पूर्व तिमोर हा छोटा देश आहे. लोकसंख्या जेमतेम १३-१४ लाख. बहुतेक लोक कॅथलिक असून मुसलमान एक टक्क्याहूनही कमी आहेत. तरीही २००२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले पंतप्रधान झाले ते मारी अल्कातिरी, येमेनी अरब वंशाच्या घराण्यातले मुस्लिम. त्यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली होती आणि स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी उमर घालवली होती. मजहब आड आला नाही.

हे स्वातंत्र्य स्वस्तात मिळालेले नाही. पोर्तुगीजांच्या या वसाहतीचा कारभार एके काळी गोव्याहून चालत असे. १९७५ साली पोर्तुगीज सत्ता कोसळली आणि डिसेंबरात इंडोनेशियाचे सैन्य शिरले. पुढच्या २४ वर्षांत लढाई, उपासमार आणि रोगराईने एक लाखाहून अधिक माणसे गेली. ताबा घेणारा देश मुस्लिमबहुल होता म्हणून आपण या जुलमाकडे डोळेझाक करू नये. इन्साफ नाते पाहून करायचा नसतो. १९९९ च्या सार्वमतात ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्य मागितले. आज मात्र हे दोन्ही शेजारी सलोख्याने राहतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर 'आसियान'चा अकरावा सदस्य झाला, त्याला इंडोनेशियाचाही पाठिंबा होता.

दुसरा शेजारी ऑस्ट्रेलिया. भांडण समुद्रातल्या तेल आणि वायूचे. २००४ मध्ये या वाटाघाटी चालू असताना ऑस्ट्रेलियाच्या हेरखात्याने तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या कचेरीत चोरून ऐकण्याची यंत्रे बसवली होती, असे त्याच खात्याच्या एका माजी अधिकाऱ्याने उघड केले. तिमोरने बंदूक उचलली नाही, आंतरराष्ट्रीय कायद्याचा दरवाजा ठोठावला. अखेर २०१८ च्या करारात सागरी सीमा ठरली. 'ग्रेटर सनराइज' या मोठ्या वायुक्षेत्राच्या सरकारी उत्पन्नात तिमोरला ७० टक्के वाटा मिळेल, आणि वायू ऑस्ट्रेलियाकडे नेला तर ८० टक्के. तरीही पाइपलाइन आपल्याच किनाऱ्याला यावी असा तिमोरचा आग्रह आहे, कारण त्याबरोबर रोजगार येईल.

बाहेरचा लढा असा जिंकला, पण घरातला लढा अवघड आहे. २००५ मध्ये अल्कातिरींच्या सरकारने नॉर्वेच्या धर्तीवर पेट्रोलियम निधी स्थापन केला. तेलाचा पैसा या निधीत जमा होतो आणि जगभर गुंतवला जातो. एकूण तेलसंपत्तीच्या वर्षाला साधारण तीन टक्के एवढीच रक्कम काढावी, हा दंडक. संसदेला कारण पटवून जास्त काढण्याची सोय कायद्यात आहे, आणि सरकारे वर्षानुवर्षे जास्तच काढत आली. निधीत आज सुमारे १८ अब्ज डॉलर आहेत. पण मुख्य तेलक्षेत्र 'बायू-उंदान' २०२५ मध्ये बंद पडले आणि 'सनराइज'चे काम अजून सुरूही झालेले नाही. आवक थांबली, खर्च चालूच. दुसरीकडे, पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ कुपोषणामुळे खुंटलेली आहे.

अशात खासदारांसाठी नव्या महागड्या गाड्या घेण्याचे ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये राजधानी दिलीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. खासदारांना तहहयात मिळणाऱ्या पेन्शनलाही त्यांनी विरोध केला. काही दिवसांतच संसदेने गाड्यांची खरेदी रद्द केली, मग पेन्शनचा कायदाही मागे घेतला.

हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले, ते दुष्काळातल्या लोकांच्या पोटासाठी. कोठाराची किल्ली हाती असणारा मालक नसतो, तो अमीन असतो. तिमोरच्या निम्म्याहून अधिक लोकांनी अजून पंचविशी ओलांडलेली नाही. त्या कोठाराचे खरे हकदार तेच आहेत, आणि हिसाब मागायला ते शिकले आहेत. जमिनीतले तेल आज ना उद्या संपणारच. पण हिसाब मागणारी पिढी उभी राहिली, तर तो देश गरीब राहणार नाही.