पाण्याखालचा रेग्युलेटर: नवा की वापरलेला?

स्कूबा रेग्युलेटर सिलिंडरातली दाबाखालची हवा श्वासाला चालेल अशा दाबावर आणून देतो. स्वयंपाकघरातला गॅसचा रेग्युलेटर एकच ठरलेला दाब देतो, म्हणून हाही तसाच असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात याचा दाब खोलीप्रमाणे बदलतो. समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो. पृष्ठभागावरचा हवेचा दाब धरून २० मीटरवर तो ३ बार होतो आणि छाती फुगायची तर हवाही तेवढ्याच दाबाने यावी लागते. जाक कूस्तो आणि एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये यशस्वी केलेली झडप हेच काम करत होती. आज सिलिंडरावर बसणारी फर्स्ट स्टेज सुमारे २०० बारचा दाब भोवतालच्या दाबाहून ९-१० बार अधिक इतपत उतरवते. तोंडातली सेकंड स्टेज उरलेले काम करते, तेही श्वास ओढला तरच.

सिलिंडरात ऑक्सिजन असतो ही समजूतही चुकीची आहे. त्यात सहसा साधी हवा असते आणि ऑक्सिजन असतो २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो. ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी रेग्युलेटर खास स्वच्छ केलेला लागतो. वापरलेला घेताना तो तसा केला आहे का, हे विचारावे.

डायव्हिंग म्हटले की मालवण-तारकर्लीच आठवते, पण पाणबुड्यांची गरज इंदापूर तालुक्यालाही पडते. मे २०२४ मध्ये तिथल्या उजनी जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावर बोट उलटून सहा जण बुडाले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाण्यात शोध घ्यावा लागला. गोड्या पाण्यात उपकरण बिघडत नाही, असा भरवसा अशा ठिकाणी धोक्याचा आहे. मीठ नसल्याने गंज कमी चढतो, हे खरे. पण धरणाच्या पाण्यातला गाळाचा एक कण सेकंड स्टेजच्या उच्छ्वासाच्या पातळ पडद्याखाली अडकला, तरी हवेबरोबर पाणी तोंडात येते. बंदिस्त, म्हणजे सील केलेली फर्स्ट स्टेज थंड पाण्यासाठीच असते असे समजले जाते. १० अंशांखालचे पाणी इथे नसते, तरी ते सील गाळ आणि मीठ दोन्ही बाहेर ठेवते, म्हणून त्यावरचा खर्च वाया जात नाही. उजनीचा पूर्ण साठा समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटरवर आहे. त्यासाठी वेगळा रेग्युलेटर लागत नाही, तो आपोआप जुळवून घेतो. मात्र ३०० मीटरच्या वर डायव्हिंगचे वेळापत्रक उंचीप्रमाणे बदलावे लागते.

सर्वांत घातक गैरसमज कपाटातल्या रेग्युलेटरचा. चार वर्षे पडून राहिलेला, एकदाही न वापरलेला रेग्युलेटर नव्यासारखाच, असे विकणारा मनापासून म्हणतो. पण ओ-रिंगा न वापरताही कोरड्या पडतात आणि व्हॉल्व्हच्या बैठकीला खाच पडते. नियमित वापरलेला, दर वर्षी किंवा कंपनीने सांगितलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग झालेला रेग्युलेटर त्याहून भरवशाचा. हवा आत येते तिथली जाळी पाहिली की बरेच कळते: हिरवी झाक म्हणजे पाणी आत शिरून गंज चढला, तांबूस म्हणजे सिलिंडरातला लोखंडी गंज आला. नळ्यांची टोके वाकवून तडे तपासावेत, विशेषतः प्लास्टिकच्या आवरणाखालचे. फर्स्ट स्टेजचे झाकण घट्ट लावून माउथपीसमधून श्वास ओढावा. हवा आली, तर कुठेतरी गळती आहे. फर्स्ट स्टेजने उतरवलेला मधला दाब गेजवर स्थिर न राहता हळूहळू चढत असेल, तर बैठक झिजलेली आहे.

महाग म्हणजे सुरक्षित, हेही नेहमी खरे नसते. अनबॅलन्स्ड पिस्टनचा साधा रेग्युलेटर सिलिंडर रिकामा होऊ लागला की श्वासाला जड जातो, पण त्याची रचना दणकट असते आणि १५-१८ मीटरपर्यंतच्या डायव्हला तो पुरतो. त्याहून खोल जाणाऱ्याने मात्र बॅलन्स्ड घ्यावा. किमतीआधी पाहायचे ते सुटे भाग आणि अधिकृत सर्व्हिसिंग. ज्या मॉडेलचे भाग बनणे थांबले आहे, ते फुकट मिळाले तरी महागच पडते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह योक जोडणीचा आहे की डिन जोडणीचा, हेही आधी विचारावे. डिन रेग्युलेटर अडॅप्टर लावून योकवर चालतो.

वापरलेला रेग्युलेटर घेतला, तर तंत्रज्ञाकडून पूर्ण उघडून सर्व्हिसिंग करून घेईपर्यंत तो पाण्यात नेऊ नये. सर्व्हिसिंगनंतरचा पहिला डायव्हही उथळ पाण्यात, सोबत्याबरोबरच करावा.