पितळेचे पातेले व डॉक्टरांचे शिक्षण

आमच्या सोनाळ्यातील कित्येक घरी माळ्यावर आजीच्या काळची पितळी पातेली असतील. त्यांची कल्हई उडाली म्हणजे कल्हईवाल्याची वाट पाहावी लागे. आणि तो येईतो दूध तशाच भांड्यात तापे. बालकांच्या पचनविकारांच्या डॉक्टरांस संशोधन का शिकवितात, हे समजण्यास हे पातेले फार उपयोगी आहे.

विसाव्या शतकात आपल्या देशात लहान बालकांचा एक भयंकर रोग होता. पोट फुगे, यकृत कठीण होई, शेवटी कावीळ होऊन मूल दगावे. एकाच आईची दोन-दोन मुले त्यास बळी पडत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडातील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्याचा शोध आरंभिला. रोगी बालकांच्या यकृतात तांबे अतोनात साठलेले आढळे. ते आले कोठून? बाळास वरचे दूध केव्हा दिले, कोणत्या भांड्यात तापविले व ठेविले, असे मातांस विचारण्यात आले. परंतु रोग्याच्या घरी पितळ सापडले, एवढ्याने काय सिद्ध होते? पितळ शेजाऱ्याच्या घरीही होतेच! म्हणून निरोगी मुलांच्या मातांसही तेच प्रश्न विचारले. आमच्या मते साऱ्या शिक्षणाचे मर्म ह्या दुसऱ्या विचारपूशीत आहे. रोगी बालकांस पितळी भांड्यातील दूध फार लवकर मिळाले होते, असे दिसून आले. गाई-म्हशीच्या दुधातील केसीन पितळेतील तांबे ओढून घेते. हे अनुमान १९८३ मध्ये व तुलना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली.

सर्वांस हे पटले नाही. आनुवंशिक दोषही असावा, असे काहींचे म्हणणे पडले. पुढे १९९६ मध्ये ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताची हकीकत बाहेर आली. तेथे १९०० ते १९७४ पर्यंत १३८ बालके अशाच रोगाने गेली होती. तेथेही बिनकल्हईची तांब्याची भांडी होती, आणि आनुवंशिकतेच्या खुणाही होत्या!

आज एम. बी. बी. एस. नंतर बालरोगांत तीन वर्षांची एम. डी. व तदनंतर तीन वर्षांची डी. एम. करून ह्या शाखेचे तज्ज्ञ होता येते. लखनौच्या संजय गांधी संस्थेत ही सोय आहे. तेथे रोग्यांच्या सेवेबरोबर संशोधनही करावे लागते. मात्र तो जुना रोग त्या तरुणांस बहुधा ग्रंथांतच भेटतो. कारण घरोघर स्टीलची भांडी आली, आणि तो जवळजवळ नाहीसा झाला.