जबलपूरचा उजेड ओळखताना

जबलपूरला फोटो काढायला आलेल्या मंडळींपुढे मी आधी नकाशा ठेवतो. शहरातल्या चेरीतालहून नाकासमोर उत्तरेला गेलं, तर तीसेक किलोमीटरवर कर्कवृत्त लागतं. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात भर दुपारी इथला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. माणसाची सावली पायांखाली गोळा होते आणि फोटोतल्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. हा दोष कॅमेऱ्याचा नाही, अक्षांशाचा आहे.

संध्याकाळचंही तेच. पुस्तकांत ‘गोल्डन अवर’ असं म्हटलेलं असतं, पण बरीचशी पुस्तकं युरोप-अमेरिकेत बसून लिहिलेली. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की उजेड सोनेरी व्हायला लागतो. वातावरणातला त्याचा प्रवास लांबतो, वाटेत निळा प्रकाश जास्त विखुरला जातो आणि तांबूस-पिवळा आपल्यापर्यंत पोचतो. लंडनमध्ये मार्चच्या शेवटी हे सहा अंश उतरायला सूर्याला चाळीसेक मिनिटं लागतात, डिसेंबरात पन्नासेक. जबलपूरला तो तिरपा न जाता बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे पंचवीस ते तीस मिनिटांत खेळ आटोपतो. म्हणून जागा दुपारीच हेरून ठेवायची, चौकट ठरवायची, ट्रायपॉड लावून ठेवायचा. सूर्यास्ताला चहा घेऊन निघालेल्या माणसाला सोनं मिळत नाही.

पहिला धडा मात्र नर्मदेच्या घाटावर न घेता चेरीतालच्या गल्ल्यांत घ्यावा. राणी दुर्गावतीने राणीताल बांधवला, तिच्या दासीने चेरीताल आणि मंत्री आधारसिंहाने आधारताल, असं जबलपूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आज चेरीताल ही दाट वस्ती आहे. अरुंद गल्लीत ऊन सरळ खाली पोचतं ते दुपारी थोडाच वेळ. बाकी दिवसभर जो उजेड असतो, तो वरच्या आकाशाच्या पट्टीतून आणि समोरच्या भिंतीवरून उसळून आलेला. चेहऱ्यांसाठी याच्याइतका चांगला उजेड नाही. दाराच्या उंबरठ्याशी, अर्धा पाय आत ठेवून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढून पाहा. मागचा अंधार आपोआप गडद होतो आणि चेहऱ्यावर एकाच बाजूने मऊ प्रकाश येतो.

पण भिंतीचा रंग पाहून घ्या. हिरव्या रंगाने रंगवलेली भिंत तिच्यावर पडलेला हिरवा प्रकाशच परत पाठवते आणि समोर बसलेल्या आजींचा गाल आजारी दिसतो. आपला मेंदू ही छटा वजा करून टाकतो, कॅमेरा करत नाही. सावलीत निळ्या आकाशाचा प्रकाश अधिक असल्यामुळे त्वचाही थंड, निळसर दिसते. तिथे व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवला की ऊब परत येते. हिवाळ्यात चुलीचा धूर दिसला तर त्याच्या मागे गडद दार येईल असे उभे राहा. धुराचे कण फार बारीक असतात, ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर धूर निळा दिसतो. तोच धूर उजळ आकाशासमोर मळकट तपकिरी होतो. आणि फोटोआधी विचारा. गल्ली हे लोकांचं अंगण आहे.

मदन महालच्या टेकडीवरची संतुलित शिला सगळे समोरून टिपतात आणि ती नुसता मोठा दगड दिसते. तिची खरी गंमत दोन दगडांच्या इवल्याशा स्पर्शात आहे. खाली बसा, सकाळचं तिरपं ऊन बाजूने येऊ द्या, आणि त्या फटीतून पलीकडचं आकाश दिसेल असा कोन शोधा.

भेडाघाटला, नर्मदेच्या संगमरवरी घळीत, नवखा माणूस हमखास फसतो, कारण तिथे पांढरा संगमरवर आणि गडद पाणी शेजारी शेजारी असतात. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं आहे, असं तो धरून चालतो. चौकट कड्यांनी भरली की तो त्या पांढऱ्याला करडं करतो. तिथे एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावं लागतं. चौकटीत अर्ध्याहून जास्त सावलीतलं पाणी आलं की तोच मापक पाण्याला उजळायला जातो आणि कडा जळून कोरा कागद होतो; तिथे कमी करावं लागतं. जळालेल्या भागात माहितीच उरत नाही, ती मागून कोणत्याही सॉफ्टवेअरने आणता येत नाही. सावलीतून मात्र बरंच काही उकरता येतं. म्हणून हिस्टोग्रामचं उजवं टोक पाहत राहा. मोबाइल असेल तर पडद्यावर कड्याच्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवा आणि दगडाची शीर दिसेपर्यंत उजेड खाली ओढा.

होडीत बरेच जण हौसेने पोलरायझर लावतात. पाण्यावरची चकाकी तो पूर्ण मारतो ती एकाच कोनात, पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंशांवर. होडीत बसल्यावर डोळा पाण्याच्या सव्वा मीटर वर असेल, तर ही जागा होडीपासून जेमतेम पावणेदोन मीटरवर येते. दूरच्या पाण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, उलट त्याच्या काचेत एक-दीड स्टॉप प्रकाश फुकट जातो. शिवाय त्या घळीत कड्यांचं प्रतिबिंब हेच तर पाहण्यासारखं आहे. होडीत तो काढून ठेवा आणि शटर १/२५०च्या खाली जाऊ देऊ नका. होडी डुलत असते.

धुवांधार धबधब्यापाशी पोलरायझर पुन्हा लावा. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहिलात, की आपल्या डोक्याच्या सावलीभोवती ४२ अंशांवर तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. त्याचा प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवीकृत असतो, त्यामुळे पोलरायझर फिरवला की ते एकदा ठसठशीत होतं आणि एकदा पुसलं जातं. तुषारच दाखवायचे असतील तर उलट बाजूला या. पाण्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून सूर्याकडे तोंड करून, सूर्य चौकटीबाहेर ठेवून पाहिलं की तो सगळा धूर पेटल्यासारखा होतो. शटरचं गणित सोपं आहे. दहा मीटर पडलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला चौदा मीटर होतो. १/१००० सेकंदात ते दीड सेंटिमीटरही सरकत नाही आणि थेंब गोठलेले दिसतात. १/१५ सेकंदात जवळजवळ मीटरभर घसरतं आणि रेशमी पट्टा होतो. मला स्वतःला तो रेशमी पट्टा धुवांधारला शोभत नाही असं वाटतं. ज्याच्या नावातच धूर आहे, त्या पाण्याचा दणका दिसला पाहिजे. कठड्याबाहेर मात्र पाऊल नको. तिथला दगड ओला आणि गुळगुळीत असतो.

कोजागरीच्या सुमाराला भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो आणि चांदण्यातले संगमरवरी कडे पाहायला गर्दी लोटते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाखाव्या हिश्शाइतकाच उजेड देतो. त्यामुळे उन्हात जिथे १/१०० सेकंद पुरतं, तिथे चांदण्यात त्याच अ‍ॅपर्चर आणि आयएसओला तासाहून जास्त वेळ लागेल. एफ/४ आणि आयएसओ १६०० ठेवलं तर तो पंधरा सेकंदांवर येतो. डुलत्या होडीतून हे शक्य नाही. काठावर पक्क्या जागी ट्रायपॉड लावा, फोकस हाताने दूरच्या दिव्यावर करा, शटर टायमरने सोडा. मोबाइल असेल तर तो दगडाला टेकवून नाइट मोड वापरा. पूर्ण एक्स्पोजर दिलं तर चित्र दिवसासारखं येतं, आकाश निळं आणि त्यात तारे. रात्र रात्रीसारखी हवी असेल तर ते आठ सेकंदांवर आणा. आणि काठावर बसलेल्या सगळ्यांसाठी एक विनंती, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. फ्लॅश पलीकडच्या कड्यापर्यंत पोचत नाही, शेजाऱ्याचं चित्र मात्र नक्की बिघडवतो.